क्लॅरन्स डॅरोचं आत्मचरित्र : महत्त्वाकांक्षा, गाजलेले खटले आणि लॉस एंजेलिसची दोन वर्षं

कृष्णाकाठ

क्लॅरन्स डॅरो हे नाव आपल्याकडे कायद्याच्या विद्यार्थ्यांना दोन खटल्यांमुळे ठाऊक असतं. एक १९२४ चा शिकागोचा लिओपोल्ड-लोब खटला, ज्यात दोन श्रीमंत तरुणांनी एका मुलाचा खून केला होता. दुसरा १९२५ चा टेनेसीतला 'माकड खटला', ज्यात उत्क्रांती शिकवली म्हणून जॉन स्कोप्स या शिक्षकाला आरोपी केलं होतं. डॅरोचं 'द स्टोरी ऑफ माय लाइफ' १९३२ साली आलं तेव्हा तो पंचाहत्तरीला टेकला होता आणि रोजची वकिली सोडून बसला होता. पुस्तकावर मराठीत फारसं बोललं जात नाही, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगतो. खटल्यांचे तपशील इतरत्र मिळतात, कधी कधी जास्त चांगले मिळतात. मला हे पुस्तक मोलाचं वाटतं ते एका मोठ्या फौजदारी वकिलाची महत्त्वाकांक्षा त्यात उघडी पडते म्हणून. ती तो स्वतः कबूल करतो त्यापेक्षा जास्त दिसते.

जन्म १८५७, ओहायो राज्यातल्या किन्समन या खेड्याजवळ. बाप फर्निचर बनवायचा आणि गावातल्या मयतांच्या पेट्याही. गाव देवभोळं, बाप पक्का नास्तिक, घरात पुस्तकांचे ढीग. सगळं गाव एका बाजूला आणि आपण दुसऱ्या बाजूला, ही सवय पोराला घरातूनच लागली. पुढे अॅश्टाब्युला या छोट्या गावात वकिली करताना त्याने एका पोराचा घोड्याच्या साजाचा दावा घेतला. फी नगण्य, मालाची किंमतही नगण्य. तरी हा माणूस वर्षानुवर्षं लढत राहिला आणि दावा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. इथे दयाही आहे आणि हरायचं नाही ही जिद्दही आहे. यातलं कुठलं जास्त, ते डॅरोलाही सांगता आलेलं नाही.

मग घराचा किस्सा. साडेतीन हजार डॉलरचं घर त्याने ठरवलं, पाचशे रोख आणि बाकी हप्त्याने. मालकाच्या बायकोने खरेदीखतावर सही करायला नकार दिला, हा पोरगा एवढे पैसे कमावेल असं तिला वाटेना. तुमचं घर मला नकोच, मी हे गाव सोडून चाललोय, असं सांगून तो १८८७ साली शिकागोला गेला. अपमानातून उठून मोठ्या शहराकडे निघालेला माणूस! तिथे दोन वर्षं कोणी ओळखेना. एका मोठ्या सभेत हेन्री जॉर्ज या गाजलेल्या अर्थविचारवंतानंतर बोलायची संधी मिळाली आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत नाव आलं. त्या सभेचं वर्णन त्याने किती चवीने केलंय ते वाचा. वर्तमानपत्रात नाव यायची गोडी तिथून लागली ती शेवटपर्यंत सुटली नाही.

सभेमुळे नगरपालिकेत वकिलाची जागा मिळाली, तिथून शिकागो अँड नॉर्थवेस्टर्न रेल्वेची नोकरी. १८९४ साली पुलमन या रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कंपनीतला संप पेटला आणि कामगारपुढारी यूजीन डेब्जवर खटला झाला तेव्हा रेल्वेचा हा वकील उठून डेब्जच्या बाजूला जाऊन बसला. हा प्रसंग सगळे सांगतात. कमी सांगितलं जातं ते हे, की रेल्वेशी संबंध पूर्ण तुटला नव्हता. काही काम निम्म्या पगारावर चालूच राहिलं आणि डॅरोने ते पुस्तकात लपवलेलं नाही. मला हे आवडलं. तत्त्वासाठी सर्वस्व सोडलं असं चित्र रंगवणं सोपं होतं.

त्यानंतर १९०७, आयडाहोमधलं बॉइझी शहर. माजी गव्हर्नर स्टूननबर्ग घराच्या फाटकाला लावलेल्या बॉम्बने मारला गेला होता. हॅरी ऑर्चर्ड माफीचा साक्षीदार झाला आणि त्याने खाणकामगार संघटनेच्या बिल हेवुडचं नाव घेतलं. डॅरोचा समारोपाचा युक्तिवाद ११ तास चालला. हेवुड सुटला आणि कामगारांचा वकील म्हणून डॅरोचं नाव देशभर झालं.

आणि मग लॉस एंजेलिस. १ ऑक्टोबर १९१० ला लॉस एंजेलिस टाइम्स या वर्तमानपत्राची इमारत उडवली गेली आणि २० च्या वर माणसं मेली. कामगार चळवळीतल्या जेम्स आणि जॉन मॅकनमारा या भावांवर आरोप ठेवला गेला. सगळी कामगार चळवळ म्हणत होती की हा मालकांचा कट आहे. खटल्यासाठी वर्गणी जमली. डॅरोने कागद पाहिले आणि त्याला कळलं की माणसं दोषी आहेत. १ डिसेंबर १९११ ला दोघांनी गुन्हा कबूल केला. फाशी टळली, जेम्सला जन्मठेप झाली आणि जॉनला १५ वर्षं. चार दिवसांनी महापौराची निवडणूक होती, तीत समाजवादी उमेदवार जॉब हॅरिमन पडला, आणि तो याच आरोपींच्या वकिलांपैकी होता. कामगारांनी डॅरोला फितूर ठरवलं. त्यात भर म्हणजे कबुलीच्या आधी तीनच दिवस, २८ नोव्हेंबरला, डॅरोचा तपासनीस फ्रँकलिन एका ज्युररला (ज्युरीत बसून निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांपैकी एकाला) पैसे देताना भर रस्त्यात पकडला गेला होता आणि डॅरो त्या वेळी तिथेच आसपास होता. ज्युररना लाच देण्याचा आरोप खुद्द डॅरोवर आला.

मला वाटतं पुस्तकाचा कस या प्रकरणांत लागतो. जन्मभर दुसऱ्यांसाठी बोललेला माणूस स्वतःवर आल्यावर कसा बोलतो? ज्यांनी वाचलंय त्यांनी मत सांगा.

अबोली

फार दिवसांनी असा धागा आला. मी पुस्तक स्कोप्स खटल्यासाठी उघडलं होतं आणि मनात राहिला तो डेट्रॉइटचा डॉ. ऑसियन स्वीटचा खटला. कृष्णाकाठ, तुम्ही त्याचा उल्लेखही केला नाही याचं आश्चर्य वाटलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. १९२५ साली या कृष्णवर्णीय डॉक्टराने गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं. लगेच घराबाहेर जमाव जमला आणि दगड पडायला लागले. ९ सप्टेंबरच्या रात्री घरातून गोळ्या झाडल्या गेल्या, बाहेरचा एक गोरा माणूस मेला, आणि पोलिसांनी घरातल्या ११ जणांना खुनाच्या आरोपाखाली धरलं. ज्युरी सगळी गोऱ्या पुरुषांची. पहिल्या खटल्यात ज्युरीचं एकमत होईना. दुसऱ्यांदा धाकटा भाऊ हेन्री एकटाच आरोपी म्हणून उभा राहिला आणि मे १९२६ मध्ये सुटला. बाकीच्यांवरचे आरोप पुढे मागे घेतले गेले. न्यायाधीश होते फ्रँक मर्फी, जे पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९४४ साली जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत पाठवण्याच्या प्रकरणात सरकारविरुद्ध मत देणाऱ्या तिघांत होते.

या खटल्यात डॅरोने प्रत्येक फिर्यादी साक्षीदाराला एकच गोष्ट विचारली: किती माणसं जमली होती? सगळे म्हणायचे, थोडीच. मग थोडीच माणसं होती तर एवढे सगळे जण तिथे हजर कसे, आणि एवढे पोलीस कशाला ठेवले होते? जमाव नव्हता असं सांगायला आलेल्या साक्षीदारांची गर्दीच जमाव सिद्ध करून गेली. उलटतपासणीत आवाज न चढवता हे साधलंय. वर्तमानपत्रात नाव यावं म्हणून हे खटले घेतले असं कोणी म्हणत असेल, तर मला ते पटणार नाही. हेन्री स्वीट सुटला ते महत्त्वाचं.

बाररूम

सातारा जिल्ह्यात आणि नंतर मुंबईत फौजदारी काम केलं, आता बंद केलंय. पुस्तक दोनदा वाचलं. वकिलाच्या नजरेतून दोन-तीन गोष्टी मांडतो.

डॅरोसाहेबांची सगळी पद्धत एका नियमावर उभी आहे. बारा ज्युरर आणि निकाल एकमताने. याचा अर्थ बाराजणांना जिंकायची गरज नाही, एकजण हलला तरी आरोपी निदान त्या दिवशी वाचतो. म्हणून ते तासन् तास बोलत. कायद्यावर थोडं बोलायचे. गरिबी, बालपण, भीती, माणूस असा का वागतो, यावर पुष्कळ बोलायचे. समोरच्या बाकावरच्या एका चेहऱ्याकडे बघून बोलायचे.

आता मुंबईकडे बघा. बॉइझीच्या दुसऱ्याच वर्षी, जुलै १९०८ मध्ये, लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला चालला. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि ज्युरीपुढे एकूण २१ तासांहून जास्त बोलले. ज्युरीत ७ युरोपीय आणि २ पारशी. निकाल ७ विरुद्ध २. आयडाहोत दोनजण वेगळे पडले असते तर शिक्षा झालीच नसती. मुंबईत बहुमत पुरेसं होतं आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. टिळक निकालानंतर जे बोलले ते आज मुंबई उच्च न्यायालयात त्याच दालनाबाहेर संगमरवरात कोरलेलं आहे. तिथून जाताना मी थांबून वाचत असे.

नौदल अधिकारी नानावटींवरच्या खुनाच्या खटल्यात, १९५९ साली, ज्युरीने ८ विरुद्ध १ निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि शेवटी जन्मठेप झाली. नंतर ज्युरी हळूहळू गेली, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती उरली नाही. आमच्या पिढीने सगळा युक्तिवाद न्यायाधीशापुढे केला. तिथे टिपणं, निवाडे, साक्षीतली विसंगती चालते. डॅरोसाहेबांसारखं चार तास बालपणावर बोललो असतो तर साहेबांनी घड्याळ बघितलं असतं. मला ज्युरी परत यावी असं मुळीच वाटत नाही, १९०८ ची ज्युरी कोणाची होती ते आपण विसरू नये. पण असं आत्मचरित्र आपल्याकडे का लिहिलं जात नाही, याचं हे एक खरं कारण आहे.

अबोलीताईंनी सांगितलेली स्वीट खटल्यातली उलटतपासणी नवोदितांनी शब्दशः मिळवून वाचावी.

नवी_सनद

सर, सत्र न्यायालयात नुकतंच काम सुरू केलंय, म्हणून विचारते. लिओपोल्ड-लोबमध्ये तर ज्युरीच नव्हती ना? मग तिथे त्यांची पद्धत कशी चालली?

बाररूम

बाळ, फार नेमका प्रश्न. तिथेच त्यांची बुद्धी दिसते.

मे १९२४. लिओपोल्ड १९ वर्षांचा, लोब १८ वर्षांचा, दोघेही कोट्यधीशांची हुशार मुलं. त्यांनी १४ वर्षांच्या बॉबी फ्रँक्सला पळवून मारलं. प्रेताजवळ लिओपोल्डचा चष्मा सापडला. त्याची बिजागरी इतकी वेगळी होती की शिकागोत तसे तीनच चष्मे विकले गेले होते. दोघांनी पोलिसांकडे कबुली दिली. सगळ्या शहराला फाशी हवी होती. सर्वांना वाटत होतं की बचाव पक्ष वेडेपणाचा मुद्दा घेईल. तो घेतला असता तर प्रकरण ज्युरीपुढे गेलं असतं. डॅरोसाहेबांनी २१ जुलैला गुन्हा कबूल केला. आता ज्युरी नाही, फक्त न्यायाधीश कॅव्हर्ली आणि शिक्षेचा प्रश्न.

कारण त्यांनी उघड सांगितलं. ज्युरीचे बाराजण फाशीची जबाबदारी आपसात वाटून घेतात. एकट्या न्यायाधीशाला ती कोणावर टाकता येत नाही, त्याला थंड डोक्याने स्वतः सांगावं लागतं की या पोरांना फासावर द्या. जन्मभर ज्युरीपुढे बोललेल्या माणसाने सगळ्यात मोठ्या प्रकरणात ज्युरीच टाळली! तीन दिवसांत सुमारे १२ तास बोलले. न्यायाधीशांनी जन्मठेप अधिक ९९ वर्षं दिली आणि मुख्य कारण दिलं ते आरोपींचं वय. मानसतज्ज्ञांच्या साक्षींवर त्यांनी निकाल बेतला नाही.

तुझ्या कामासाठी सांगतो. आपल्याकडे दोषी ठरवल्यावर शिक्षेच्या मुद्द्यावर वेगळी सुनावणी १९७३ च्या संहितेच्या कलम २३५(२) ने आली. १९८० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या बच्चनसिंग निवाड्यात फाशीसाठी 'दुर्मिळातलं दुर्मिळ' ही कसोटी ठरली आणि गुन्ह्याइतकंच गुन्हेगाराकडेही बघा असं सांगितलं गेलं. २००९ चा संतोषकुमार बरियार विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निवाडा जरूर वाच. खंडणीसाठी अपहरण आणि खून, आरोपी तरुण, खालच्या कोर्टात फाशी, सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप केली. सुधारण्याची शक्यता नाही हे सरकार पक्षाने पुराव्याने दाखवायला हवं, असं त्यात म्हटलंय. मी कामाला लागलो तेव्हा शिक्षेवरची सुनावणी पाच मिनिटांत उरकायची. आरोपी गरीब आहे, घरी म्हातारी आई आहे, कमीत कमी शिक्षा द्या, संपलं. तू तसं करू नकोस. गुन्हा घडायच्या आधीचा आरोपी कोण होता हे शोधायला वेळ दे, शाळेत जा, शेजाऱ्यांना भेट, तुरुंगातलं वर्तन बघ.

नवी_सनद

लिहून ठेवलं सर. आत्ता एका प्रकरणात हीच वेळ येऊ शकते. शाळेचे कागद काढायला या आठवड्यातच जाते.

मिशिगनकाठ

शिकागोहून. जॅक्सन पार्कमधल्या तळ्यावरच्या एका पुलाला डॅरोचं नाव आहे. १३ मार्च १९३८ ला तो गेला आणि त्याची रक्षा तिथेच विसर्जित केली गेली. अजूनही १३ मार्चला लोक तिथे जमतात, कोणीतरी वकील किंवा प्राध्यापक बोलतो. मी हाइड पार्क भागात राहते, तो तिथलाच रहिवासी होता आणि लिओपोल्ड-लोबची घरंही जवळच्याच केनवुडमध्ये. फ्रँक्स कुटुंबही तिथलंच. नकाशा समोर ठेवून वाचलं की कळतं, हा खटला त्याच्या शेजाऱ्यांचा होता. त्या काळी पैशासाठी घेतला अशी खूप टीका झाली, 'दहा लाख डॉलरचा बचाव' म्हणून ओरड झाली. पुस्तकात या टीकेवर तो चिडून लिहितो. पण फाशीला त्याचा विरोध आयुष्यभराचा होता. शिकागोच्या महापौराचा खून करणाऱ्या प्रेंडरगास्टची १८९४ सालची फाशी त्याला टाळता आली नव्हती. तीस वर्षांनी लिओपोल्ड-लोबसाठी उभा राहताना ती फाशी त्याच्या मनात नसेल असं मला वाटत नाही.

सातमाळा

सगळे कौतुकच करताय, म्हणून मी दुसरी बाजू मांडतो, आणि मनापासून मांडतो.

पुस्तक १९३२ च्या सुरुवातीला आलं. त्याच वर्षी डॅरो होनोलुलूला गेला, मॅसी खटल्यासाठी. एका नौदल अधिकाऱ्याच्या पत्नीने पाच स्थानिक तरुणांवर बलात्काराचा आरोप केला होता आणि ज्युरीचं एकमत झालं नव्हतं. मग तिचा नवरा, तिची आई ग्रेस फोर्टेस्क्यू आणि दोन नाविकांनी मिळून त्यातल्या जोसेफ कहाहावाई या तरुणाला पळवलं आणि गोळी घातली. डॅरो उभा राहिला तो या चौघांच्या बाजूने. डेट्रॉइटला सात वर्षांपूर्वी गोऱ्या जमावापासून घर वाचवणाऱ्या माणसाचा वकील, होनोलुलूत मात्र स्थानिक तरुणाला मारणाऱ्या गोऱ्यांचा वकील. ज्युरीने सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं, दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि गव्हर्नर जड यांनी ती एका तासावर आणली. तो तास चौघांनी गव्हर्नरच्या कचेरीत काढला. कहाहावाईच्या आईला काय वाटलं असेल!

१९२९ च्या बाजार कोसळण्यात डॅरोची पुंजी गेली होती हे मला माहीत आहे. पण मग महत्त्वाकांक्षा आणि करुणा वेगळ्या करता येत नाहीत असं म्हणून आपण त्याला मोकळं सोडायचं का? अबोली, तुमच्या प्रतिसादामुळेच हे लिहावंसं वाटलं. स्वीट खटला खरा मोठा आहे, त्यामुळेच मॅसी खटला जास्त टोचतो.

अबोली

सातमाळा, टोचायलाच हवा. प्रत्येक आरोपीला वकील मिळाला पाहिजे हे मी मानते, फोर्टेस्क्यूबाईंनाही. पण प्रत्येक वकिलाने प्रत्येक प्रकरण घ्यावं असं नाही. आपल्याकडेही बार असोसिएशनने एखाद्या आरोपीचं वकीलपत्र न घेण्याचा ठराव केला तर तो चूकच. डॅरोचं उलट आहे. तिथे चांगले वकील मिळत होते, फोर्टेस्क्यूबाईंना त्याच्या नावाची गरज होती आणि त्याने नाव वापरू दिलं. स्वीट खटल्यात त्याने जे कमावलं होतं तेच इथे खर्ची पडलं. मी पुस्तक तरीही वाचायला सांगेन.

कृष्णाकाठ

अबोली, स्वीट खटला मुद्दाम सोडला होता, कारण त्यावर बोलणारं कोणीतरी येईल अशी खात्री होती आणि तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंत.

सातमाळा, मोकळं सोडायचं नाही. म्हणूनच मी लॉस एंजेलिसचा प्रश्न टाकला होता. त्या प्रकरणांत डॅरो एकच मुख्य बचाव देतो: कबुलीची बोलणी ठरत आली होती, मग मी ज्युररला लाच कशाला देईन? वकील म्हणून मुद्दा चांगला आहे. लाचेच्या पहिल्या खटल्यात अर्ल रॉजर्स त्याचा वकील होता आणि शेवटी डॅरो स्वतः ज्युरीपुढे रडत रडत बोलला. ऑगस्ट १९१२ मध्ये ज्युरीने अर्ध्या-पाऊण तासात निर्दोष ठरवलं. १९१३ च्या दुसऱ्या खटल्यात मात्र ज्युरी फुटली आणि बहुमत दोषी ठरवायच्या बाजूचं होतं. खटला पुढे सोडून दिला गेला आणि डॅरो कॅलिफोर्नियातून कायमचा बाहेर पडला.

पुस्तकात मला रुखरुख लागली ती इथे. फ्रँकलिन त्याचा माणूस होता, पैसे बचाव निधीतले होते असा आरोप होता, आणि भर रस्त्यावरच्या त्या सकाळी आपण तिथे का होतो याबद्दल तो जेवढं लिहितो तेवढ्याने माझं समाधान होत नाही. त्याऐवजी जॉर्ज बिसेट या जुन्या अशिलाचं एक अख्खं प्रकरण येतं. डॅरोने फुकट लढून सोडवलेला हा माणूस लॉस एंजेलिसला येतो आणि फ्रँकलिनला उडवून देऊ का असं विचारतो. डॅरो त्याला परत पाठवतो. प्रकरण हृद्य आहे, पण तिथे डॅरो पुन्हा अशिलाची गोष्ट सांगतोय आणि स्वतःची साक्ष टाळतोय. मी ज्युररच्या बाकावर असतो तर मला त्याची उलटतपासणी हवी होती. ती त्याने स्वतःची स्वतः घेतली नाही.

बाररूम

कृष्णाकाठ, एक सांगतो. वकील साक्षीदार म्हणून फार वाईट असतो. प्रश्न कुठे नेणार हे त्याला आधीच दिसतं आणि उत्तर त्याच्या आतच थांबतं. दोषी होते की नव्हते यावर मी मत देणार नाही, कागद न बघता दिलं तर चाळीस वर्षांच्या सवयीला सोडून होईल. पण त्या खटल्यांनंतर त्यांच्याकडे कामगार संघटनांची मोठी प्रकरणं आली नाहीत, ते शिकागोला परतले आणि साध्या फौजदारी प्रकरणांवर पुन्हा उभे राहिले, हे लक्षात घ्या. लिओपोल्ड-लोब, स्कोप्स, स्वीट, हे सगळं त्या बदनामीनंतरचं आहे.

नवी_सनद

कुठून सुरुवात करू? पुस्तक मोठं दिसतंय आणि तारखा रोजच्या आहेत.

कृष्णाकाठ

किन्समनची आणि अॅश्टाब्युलाची प्रकरणं आधी वाच, छोटी आहेत. मग सरळ मॅकनमारा, बिसेट आणि शिकागोला परतणं, सलग. लिओपोल्ड-लोब त्यानंतर, आणि शेजारी कॅव्हर्लींचा निकाल ठेव, तो मोफत मिळतो. मधली दारूबंदी आणि मताचं स्वातंत्र्य यावरची प्रकरणं सुट्टीत वाचलीस तरी चालेल. सातमाळा, मॅसी खटल्यावर स्वतंत्र धागा काढणार असाल तर स्वीट खटल्याची साक्ष मी भाषांतर करून तिथे देतो.

सातमाळा

काढतो. रविवारपर्यंत.